डार्क रोमान्स + सस्पेन्स कादंबरी वाचली, आवडली पण आणि खटकली पण (स्पॉयलर आहेत)

निशिगंध

नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण खाली सगळा शेवट फोडणार आहे, आणि ज्यांनी वाचलीये त्यांना दोन ओळींत कळेलच कुठली ते. पुस्तक संपून बरेच दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये. आवडलं का असं कोणी विचारलं की मी लगेच हो म्हणते आणि मग गप्प होते, कारण त्यापुढे नेमकं काय खुपतंय ते धड सांगता येत नाही.

आधी गोष्ट थोडक्यात. नायिका जुनी रेकॉर्डिंग्ज साफ करून देते, म्हणजे खराब झालेल्या टेप्समधली खरखर काढून आतला आवाज वर आणायचा हे तिचं काम. स्टुडिओतली नोकरी अचानक जाते, पैशाची ओढाताण सुरू होते आणि नेमकी तेव्हाच एका श्रीमंत, अबोल माणसाकडून ऑफर येते की माझा भाऊ गेला, त्याच्या मागे खोलीभर टेप्स पडल्यात, इथेच राहा आणि त्या साफ करून दे. भाऊ कसा गेला याबद्दल घरात कोणी सरळ बोलत नाही. ती एकेक टेप ऐकत जाते तसं भावाच्या मृत्यूचं गूढ उलगडत जातं आणि दुसरीकडे ती या माणसात गुंतत जाते. प्रकरणं एक तिचं एक त्याचं अशी, दोघांचं निवेदन 'मी' मधूनच. आणि साधारण दोन तृतीयांश पुस्तक झाल्यावर ती लेबल नसलेली एक टेप लावते आणि तिला त्यात स्वतःचं घर ऐकू येतं. तिचा गळणारा नळ, तिचं एकटीचं गुणगुणणं, आईशी फोनवर झालेलं भांडण. त्याची नि तिची ओळख व्हायच्या कितीतरी आधीचं.

हा सीन वाचताना हातपाय गार पडले माझे. त्याच्या प्रकरणांमधून आपल्याला संशय आलेलाच असतो तरीसुद्धा. कारण लेखिकेने तिथे एकही भडक वाक्य घातलेलं नाही, ती बाई फक्त सवयीने हेडफोन लावून खरखर कमी करत बसलीये, आवाज स्वच्छ होत जातो आणि आपल्यालाही तिच्याबरोबर हळूहळू ओळख पटत जाते की हे घर कुणाचं आहे. जे कौशल्य तिचं स्वतःचं आहे, ज्याचा तिला अभिमान आहे, त्यानेच हे तिच्यासमोर येतं. इतकं चांगलं लिहिलेलं पान मी या प्रकारात क्वचित वाचलंय.

आणि मग पुढच्याच प्रकरणात सगळं घसरतं. तिला राग येतो, ती बॅग भरते, घराबाहेर पडते, आणि पडल्या पडल्या तिच्यावर हल्ला होतो. हल्ला करणारा कोण तर तिचा जुना सिनियर, ज्याने तिला हे काम शिकवलं, पुस्तकभर जो एकटाच तिच्याशी नीट वागत होता. भावाचा खून त्यानेच केलेला असतो. नायक येतो, तिला वाचवतो, स्वतः जखमी होतो, हॉस्पिटलमध्ये ती त्याच्या उशाशी बसून असते आणि उपसंहारात लग्न. त्या टेपचं काय? एका परिच्छेदात तो माफी मागतो, ती म्हणते तू ऐकत होतास म्हणून मी जिवंत आहे. झालं, विषय बंद.

मला खटकलं ते हे. अंधाराला माझी हरकत नाहीये, मी हा प्रकार आवडीने वाचते, नायक वाईट असणार हे माहीत असूनच पुस्तक उघडते. पण इथे मला असं वाटलं की खुनी आणला गेला तो फक्त नायकाचं माप कमी भरावं म्हणून. त्याच्याहून वाईट माणूस शेजारी उभा केला की हा आपोआप चांगला दिसतो. आणि अजून एक, ज्याबद्दल कुठल्याच रिव्ह्यूमध्ये कोणी बोललेलं दिसलं नाही. मध्यावर त्याच्या एका प्रकरणात एकच वाक्य आहे, की स्टुडिओच्या मालकाला एक फोन पुरला. म्हणजे तिची नोकरी यानेच घालवली! तिने आपल्याकडे यावं म्हणून! आणि हे तिला शेवटपर्यंत कळत नाही, लेखिकासुद्धा परत त्या वाक्याकडे येत नाही. चोरून ऐकणं सगळ्यांना दिसतं, पण तिच्या हातातलं काम काढून घेतलं हे मला त्याहून भयंकर वाटतं.

तर विचारायचं हे की तुम्ही असं काही वाचता तेव्हा नायकाला कुठपर्यंत सोडून देता? आणि सस्पेन्स जोडीला असला की हे सोडून देणं सोपं होतं असं तुम्हालाही वाटतं का?

टिपूर

वाचलीये, दुसऱ्या ओळीतच ओळखली. टेपच्या सीनबद्दल शंभर टक्के सहमत.

मी मुळात सस्पेन्सचा वाचक, रोमान्सकडे उशिरा वळलो, त्यामुळे मी हे बांधणीच्या बाजूने बघतो. सस्पेन्स सिनेमांचा दिग्दर्शक हिचकॉक, त्याने त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाला दिलेल्या मुलाखतींमध्ये टेबलाखालच्या बाँबचं उदाहरण आहे ते बऱ्याच जणांना माहीत असेल. बाँब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो, पण तो टेबलाखाली आहे हे प्रेक्षकाला आधीच सांगितलं आणि वर बसलेली माणसं साध्या गप्पा मारत राहिली तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला लागतो. ती टेप हा असा बाँब आहे. नायकाच्या तिसऱ्या चौथ्या प्रकरणापासूनच त्याला तिच्याबद्दल नको तेवढं माहीत असल्याचं दिसतं, ती एकटी असताना काय गुणगुणते हे त्याला ठाऊक असतं, आणि मग ती त्या टेप्सच्या खोलीत जाईल तेव्हा दर वेळी आपण धास्तावतो की आज हाताला लागते की काय. म्हणून तो सीन चढतो. तयारी दोनशे पानांची आहे.

आता खुनाचं बघा. तिथे हेच तंत्र उलटं पडलंय. नायक 'मी' म्हणून बोलतो, भावासाठी रात्र रात्र जागतो, म्हणजे याने खून केलेला नाही हे आपल्याला पहिल्या शंभर पानांतच कळून चुकतं. घरात मग उरतं कोण? म्हातारी हाउसकीपर आणि वकील, दोघांनाही जेमतेम चार चार संवाद. बाहेरचा एकच माणूस ज्याला लेखिका एवढी जागा देते तो म्हणजे सिनियर. मी त्याच्या पहिल्याच एंट्रीला समजलो होतो. त्या माणसाला खून करायचं कारणही शेवटी घाईघाईत दोन पानांत दिलंय, आधी त्याचा मागमूस नाही.

शिवाय रोमान्स म्हटलं की शेवट ठरलेला. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेची जी व्याख्या आहे तिच्यातच प्रेमकथा केंद्रस्थानी आणि शेवट समाधान देणारा, आशा ठेवणारा असं आहे. म्हणजे ती मरणार नाही, तो मरणार नाही, दोघं एकत्र येणार हे आपण पुस्तक उघडताना धरूनच चालतो. मग ताण कशात राहतो? ती त्याच्याकडे परत कशी येते यात. या प्रकारात तोच खरा सस्पेन्स असतो आणि तोच या बाईंनी हल्ल्याच्या सीनमध्ये उडवून लावला. माझी तक्रार नैतिक वगैरे नाहीये, मला बांधणीत फसवल्यासारखं वाटलं.

मध्यरात्र

मला ही कादंबरी मनापासून आवडली आणि मी परत वाचणार आहे, त्यामुळे जरा दुसरी बाजू मांडते.

निशिगंध, तुझं नोकरीचं वाक्य बरोबर आहे, मलाही ते लागलं होतं. पण अशा चर्चांमध्ये थोड्या वेळाने सूर असा लागतो की अशी पुस्तकं बायकांनी वाचावीत की नाही, आणि ते मला सहन होत नाही. (तू असं म्हटलेलं नाहीस, हे आधीच स्पष्ट करते.) खुनाच्या कादंबऱ्या वाचणाऱ्याला कोणी विचारत नाही की तुला खून करावासा वाटतो का. युद्धाच्या वाचणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. पण एका बाईला पुस्तकातला पाठलाग करणारा नायक आवडला की लगेच तिला समजावायला माणसं धावत येतात, जणू तिला पुस्तक आणि घर यातला फरक कळत नाही.

मला या प्रकारात काय मिळतं ते सांगते. भीती मिळते, पण ती माझ्या हातातली भीती असते. मी पान मिटू शकते, दहा पानं सोडू शकते, शेवट आधी वाचू शकते (आणि मी वाचतेच). खऱ्या आयुष्यात कोणी मागे मागे आलं तर ते माझ्या हातात नसतं. पुस्तकात तो माणूस कितीही भयंकर असला तरी त्याची सगळी ताकद, सगळं वेड एकाच गोष्टीसाठी खर्च होतं, तिच्याकडे लक्ष देण्यासाठी. अगं ती कशी श्वास घेते हे ज्याला माहितीये असा नायक! ज्या बाईकडे दिवसभरात कोणी मान वर करून बघितलेलं नसतं तिला हे वाचताना काय होत असेल याचा विचार कर. जॅनिस रॅडवे या अभ्यासक बाईंचं १९८४ चं पुस्तक आहे, रोमान्स नियमित वाचणाऱ्या बायकांशी प्रत्यक्ष बोलून लिहिलेलं. त्यात त्या बायका पुन्हा पुन्हा हेच सांगतात की वाचायचा वेळ हा फक्त माझा वेळ असतो, तेवढा वेळ कोणी माझ्याकडे काही मागत नाही. मला ते इतकं पटलं होतं.

आणि ही चोरून ऐकण्याची कल्पनाच बघा ना, नायक तिला बघत नाही, ऐकतो. तिच्या दिसण्याबद्दल त्याच्या प्रकरणांमध्ये जवळजवळ काहीच नाही. तिचं शिंकणं, चहाचा कप ठेवणं, मनाशी बोलणं. गुन्हा आहेच. पण वाचणारीला त्यात जे हवंसं वाटतं ते वाटू द्यावं, त्याचा लगेच निकाल लावू नये एवढंच माझं म्हणणं.

निशिगंध

मध्यरात्र, निकाल लावायचाच नाहीये गं, म्हणून तर दोन्ही लिहिलं. ऐकण्याबद्दल तू जे लिहिलंस ते मलाही तसंच वाटलं होतं आणि तेच मला छळतंय. टेपच्या सीनआधी त्याची प्रकरणं मला जास्त आवडत होती, मी तिची प्रकरणं भराभर वाचून त्याच्याकडे येत होते. लेखिकेने मला त्याच्या बाजूला बसवलं आणि मग ती टेप लावली. त्या क्षणी मला वाटलं की ही बाई काहीतरी फार मोठं करणार आहे आता, मला माझ्या आवडीसकट तिच्यासमोर उभं करणार आहे. आणि पुढच्या पानावर सिनियर सुरा घेऊन आला. तुला त्या वेळी सुटल्यासारखं नाही वाटलं का? मला वाटलं, आणि तेच आवडलं नाही.

टिपूर, सिनियरबद्दल बरोबर. त्याच्यावर माझा मुळीच संशय नव्हता पण, मला वाटलं हाउसकीपर.

जुनीवही

ही कादंबरी वाचलेली नाही, पण धाग्यात जे वर्णन आलंय त्यावरून राहवलं नाही म्हणून लिहितोय, लांबेल थोडं.

सुरा घेऊन येणारा भला माणूस हा फार जुना आहे. जोआना रस या लेखिकेने १९७३ मध्ये त्या काळच्या गॉथिक रोमान्सवर (म्हणजे जुनं मोठं घर, गूढ पुरुष आणि घाबरलेली नायिका अशा कादंबऱ्यांवर) एक लेख लिहिला होता, त्याचं शीर्षकच साधारण असं की कोणीतरी मला मारायला टपलंय आणि मला वाटतं तो माझा नवराच आहे. त्यात तिने या कादंबऱ्यांमधले दोन पुरुष वेगळे काढून दाखवलेत. एक दांडगा, तुसडा, संशयास्पद, आणि दुसरा सौम्य, मदतीला येणारा, नायिकेशी गोड बोलणारा. शेवटी हमखास उलटतं, तुसडा निर्दोष निघतो आणि गोड माणूस खुनी. म्हणजे नायिकेला ज्याची भीती वाटत होती ती चुकीची ठरते आणि ज्याच्यापाशी सुरक्षित वाटत होतं तेही चुकीचं ठरतं. दोन्ही बाजूंनी तिच्या स्वतःच्या अंदाजावरचा विश्वास काढून घेतला जातो. तुमचा सिनियर हा त्यातला दुसरा माणूस आहे, पन्नास वर्षांनी परत आलेला.

पण एक फरक आहे आणि मला वाटतं निशिगंध यांचं जे अडलंय ते इथेच. त्याच्याही मागे जा. फ्रेंच लेखक पेरॉने १६९७ मध्ये छापलेली निळ्या दाढीवाल्याची गोष्ट घ्या. नवरा किल्ल्या देतो, एक खोली उघडू नकोस म्हणतो, ती उघडते, आत आधीच्या बायकांची प्रेतं. तिथे धोका म्हणजे नवराच, काही शंका नाही, तिचे भाऊ येऊन त्याला मारतात आणि ती सुटते. मग गॉथिक रोमान्स येतो, त्यात नवरा धोका आहे असं वाटत राहतं पण तो नसतो, भीती हा गैरसमज निघतो. आणि आजचा डार्क रोमान्स म्हणतो की तो धोका आहेच, तू घाबरलीस ते बरोबरच होतं, तरीही तो तुझा. हे म्हणायला धाडस लागतं, मी ते कमी लेखत नाही. पण मग त्या लेखकाला गॉथिकची पळवाट वापरता येत नाही! तुमच्या कादंबरीत खोली उघडली, आत खरोखरच प्रेत सापडलं, म्हणजे ती टेप, आणि लगेच गॉथिकचा जुना शेवट चिकटवला की खरा वाईट दुसराच होता. दोन वेगळ्या गोष्टींची दोन टोकं एकमेकांना बांधलीयेत आणि गाठ दिसतेय.

'रिबेका'चं उदाहरण इथे फार बोलकं आहे. दाफ्ने द्यु मोरिएची कादंबरी १९३८ ची. त्यात नवऱ्याने पहिल्या बायकोला खरोखर गोळी घातलेली असते आणि निवेदन करणारी दुसरी बायको ते ऐकून हादरण्याऐवजी आनंदते, की याचं तिच्यावर कधी प्रेमच नव्हतं. ही जागा मला आजही अस्वस्थ करते, कारण लेखिका तिथे कोणालाच सोडवत नाही, उरलेलं आयुष्य ते दोघं परक्या हॉटेलांमध्ये काढतात आणि ते जिंकलेत असं वाचणाऱ्याला वाटत नाही. हिचकॉकने १९४० मध्ये सिनेमा केला तेव्हा हॉलिवूडच्या सेन्सॉर नियमांत बायकोचा खून करून नवरा मोकळा राहणं बसत नव्हतं, म्हणून सिनेमात तो मृत्यू अपघाती केला, ती पडते आणि डोक्याला लागून मरते. तेव्हा नायकाचा गुन्हा धुऊन द्यायला बाहेरून सेन्सॉर बसला होता. आज कोणी बसलेलं नाही, लेखकाला हवं ते लिहिता येतं, आणि तरी तो स्वतःच धुऊन देतो याचं मला वाईट वाटतं.

रॅडवेचं पुस्तक मध्यरात्र यांनी काढलं ते बरं झालं, पण त्याचा दुसरा अर्धा भागही सांगायला हवा. तिने असंही दाखवलंय की या कादंबऱ्यांमध्ये नायकाचा सुरुवातीचा कठोरपणा शेवटी असा उलगडतो की ते सगळं आतून प्रेमच होतं, आणि वाचणारी मागची सगळी वागणूक त्या नव्या अर्थाने पुन्हा लावून घेते. तू ऐकत होतास म्हणून मी जिवंत आहे, हे वाक्य तेच काम करतंय.

पाणकणीस

मी बहुतेक वेळा नुसती वाचते इथे. ही कादंबरी मी अर्धी सोडली, आणि ती त्या फोनच्या वाक्यावर सोडली.

मी एका अशा माणसाबरोबर बरीच वर्षं काढलीयेत, तपशील लिहीत नाही. त्याने कधी हात उचलला नाही. पण माझी एक नोकरी, मग दुसरी, मग दोन मैत्रिणी, हळूहळू सगळं माझ्या हातून सुटत गेलं आणि दर वेळी कारण असं असायचं की ते मलाच पटायचं. खूप नंतर कळलं की त्यातलं काही आपोआप सुटलेलं नव्हतं. ईव्हन स्टार्क या अभ्यासकाचं २००७ चं पुस्तक आहे याच विषयावर, त्यात त्याचा मुख्य मुद्दाच हा की मारहाण मोजत बसलात तर खरं काय चाललंय ते दिसणार नाही, बाईचा पैसा, काम, माणसं, ये-जा यावर कसा ताबा घेतला जातो ते बघा. पुस्तकातल्या टेप्स मला तेवढ्या लागल्या नाहीत, त्या पुस्तकातल्या वाटल्या, मी असं कधी अनुभवलं नाही. फोन मात्र ओळखीचा होता.

पुस्तकाच्या सुरुवातीला इशाऱ्यांची यादी होती, ती मी नीट वाचलेली. पाठलाग, रक्त, अपहरणाचा प्रयत्न, लैंगिक प्रसंग, सगळं होतं. नोकरी घालवण्याबद्दल काही नव्हतं. म्हणजे लेखिकेलाही ते अंधारातलं वाटलं नाही, ते तिला नुसतं कथानक पुढे सरकवायला लागलं. निशिगंध, तुम्ही ते वाक्य पकडलंत हे वाचून मला बरं वाटलं म्हणून लिहिलं. कोणी हे पुस्तक वाचू नये असं माझं म्हणणं नाहीये, मध्यरात्र यांचं सगळं मला समजतंय, मीसुद्धा एकेकाळी आवडीने वाचायचे आणि अजूनही यातली काही वाचते.

मध्यरात्र

पाणकणीस, लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार. इशाऱ्यांच्या यादीचं तुम्ही जे म्हणताय ते माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. त्या याद्यांमध्ये जे अंगावर येतं ते लिहिलेलं असतं, जे गुपचूप होतं ते नसतं.

जुनीवही, रॅडवेचा दुसरा अर्धा भाग मान्य. पण तुम्ही म्हणताय की लेखक स्वतःहून धुऊन देतो, त्यात मला अजून एक दिसतं. हा प्रकार वाचणाऱ्यांना शेवट आनंदी हवा असतो, आणि मलाही हवा असतो, उगाच नाही म्हणणार नाही. दिवसभराचं सगळं आवरून रात्री पुस्तक घेतलं आणि शेवटी तिला एकटं सोडून दिलं तर मी चिडेन. आनंदी शेवट आणि खरा हिशोब हे दोन्ही एका पुस्तकात बसतं का, हे मला कोणीतरी दाखवा, मी वाचायला तयार आहे. बसत नसेल तर मी आनंदी शेवट निवडेन आणि त्याबद्दल मला कोणी टोकू नये.

निशिगंध, तू विचारलंस सुटल्यासारखं वाटलं का. हो, वाटलं. मला ते आवडलं होतं. आता तू म्हटल्यावर मी ते प्रकरण परत काढून वाचलं आणि एक गोष्ट दिसली, हल्ल्यानंतर ती टेप कुठे गेली हे पुस्तकात कुठेच नाही. तिने नष्ट केली, त्याने दिली, पोलिसांकडे गेली, काही नाही. एवढी महत्त्वाची वस्तू! हे मलाही आवडलं नाही.

टिपूर

टेपचं निरीक्षण जबरदस्त, माझ्या नजरेतून सुटलं होतं. त्याला जोडून एक, हातात पुस्तक आहे म्हणून आत्ताच चाळलं. टेपच्या सीनपर्यंत प्रकरणं काटेकोर एकाआड एक आहेत. त्यानंतर तिचं एक प्रकरण, बॅग भरण्याचं, आणि मग शेवटापर्यंत सलग त्याचीच, फक्त उपसंहार तिचा. हल्ला त्याच्या नजरेतून, हॉस्पिटल त्याच्या नजरेतून, ते 'म्हणून मी जिवंत आहे' वालं वाक्यसुद्धा तो ऐकतो आणि आपल्याला सांगतो. ज्या बाईला आत्ता कळलं की आपलं घर कोणीतरी ऐकत होतं, तिच्या डोक्यात पुढचे दिवस काय चाललं होतं ते लेखिकेने लिहिलंच नाही. म्हणजे निर्णय झाला पण घेताना कोणी दाखवला नाही. सगळ्यात अवघड प्रकरण तेच असतं आणि नेमकं तेच गायब आहे.

मध्यरात्र, दोन्ही बसतं. जुनं उदाहरण शार्लट ब्राँटेची 'जेन एअर' ही कादंबरी, १८४७. नायक आधीच लग्न झालेला आहे हे जेनशी लग्न लागताना उघड होतं, तो गयावया करतो, आणि ती निघून जाते. खरोखर जाते, उपाशी राहते, दुसरीकडे काम मिळवते, वारशाने स्वतःचे पैसे येतात, दुसऱ्या माणसाने घातलेली लग्नाची मागणी नाकारते, आणि मग परत येते तेव्हा तिला त्याची गरज उरलेली नसते. शेवट लग्नाचाच आहे. मधला तो सगळा काळ तिच्या तोंडून आहे, एक दिवसही त्याच्या तोंडून नाही.

निशिगंध

सलग त्याचीच प्रकरणं! हे वाचून मी उठून पुस्तक आणलं आणि बघितलं, खरंच आहे. इतके दिवस जे सापडत नव्हतं ते हेच. मला वाटत होतं की मला त्याला माफ करायचं नाहीये, पण तसं नाहीये. तिने केलं असतं तर मीही केलं असतं, अगदी टेप माहीत असून, फोन माहीत असून. तिने माझ्यासमोर बसून विचार केला असता, चिडली असती, चार महिने निघून गेली असती, स्वतःचं काम पुन्हा उभं केलं असतं आणि मग म्हणाली असती की मला हा हवाय, तर मी त्या शेवटाला रडले असते. ती काही बोललीच नाही. आणि नोकरीचं तर तिला माहीतच नाही, मग जे माहीत नाही त्याची माफी कशी झाली? लग्नाच्या दिवशीसुद्धा तिला वाटतंय की आपण आपल्या नशिबाने या घरी आलो.

पाणकणीस, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. फोनच्या वाक्यावर पुस्तक खाली ठेवणं मला पूर्ण समजतं.

जुनीवही, गाठ दिसतेय हे शब्द अगदी बरोबर. मला वाटतं लेखिकेला ती टेप इतकी छान साधली की तिच्यापुढे काय करायचं याची तिलाच भीती वाटली असावी. हा माझा अंदाज. पण ज्या बाईने ते हेडफोनचं पान लिहिलंय तिला पुढचं लिहिता आलं नसतं असं मी मानायला तयार नाही.

मध्यरात्र, तू परत वाचणार आहेस ना, मग मला एक बघून सांग. अगदी सुरुवातीला, नोकरी जाते त्या प्रकरणात, सिनियर तिला म्हणतो की मालकाला कोणाचातरी फोन आला होता, मी विचारतो कोणाचा. त्याने पुढे विचारलं का, त्याला कळलं का, हे कुठे आहे का मधे? मला सापडत नाहीये. कारण जर त्याला कळलं असेल आणि तो तिला सांगायला आला असेल, तर त्या रात्री रस्त्यावर काय झालं ते आपल्याला फक्त नायकाच्या तोंडून माहितीये. कदाचित मी नको तेवढं शोधतेय. तरी बघ.

आणि बाकीच्यांना, डार्क हवं, सस्पेन्स हवा, पण सत्य कळल्यावर नायिका खरोखर निघून जाते आणि तो काळ तिच्याच तोंडून येतो, असं अलीकडचं काही वाचलं असेल तर सांगा. आनंदी शेवट असला तर उत्तम, मध्यरात्रला पण देता येईल. शेवट फोडलात तरी चालेल.